वाय-टू-के: सरकारने खरंच काही केलं होतं, की नुसताच बोभाटा?

राजवाड्यावरचा_निखिल

माझं मत आधीच टाकतो, मग खुशाल धोपटा. वाय-टू-के, म्हणजे २००० साल लागताच संगणक गडबडणार ही भीती, हा गेल्या शतकातला सगळ्यात महागडा फुसका बार होता.

मी तेव्हा चौथीत. १९९९ चं अख्खं वर्ष पेपरात तेच: विमानं पडतील, खात्यातले पैसे गायब होतील, क्षेपणास्त्रं आपोआप सुटतील. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी पासबुक भरून आणून चक्क देवापाशी ठेवलं होतं. १ जानेवारी २००० ला शनिवार होता. नळ वेळेवर आला (म्हणजे नेहमीसारखा उशिरा), आणि इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे-जलेबीला तेवढीच गर्दी.

घोळ काय, तर वर्ष दोनच आकड्यांत लिहायची सवय, त्यामुळे ०० म्हणजे १९०० की २००० हे मशीनला कळणार नाही. एवढ्यासाठी अमेरिकेच्या नुसत्या केंद्र सरकारने आठ अब्ज डॉलरच्या वर पैसा ओतला. क्लिंटनसाहेबांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये खास परिषद नेमली, तिच्यावर जॉन कॉस्किनेन यांना बसवलं. ब्रिटनमध्ये टोनी ब्लेअर २०,००० 'बग बस्टर' तयार करायला निघाले होते. आपल्याकडेही योजना आयोगाच्या माँटेकसिंग अहलुवालियांच्या अध्यक्षतेखाली कृती दल होतं.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. आपल्या इंदूरच्या सरकारी कचेऱ्यांत, बँकांत प्रत्यक्ष काय तयारी झाली? ज्यांनी हाताने केली त्यांनीच लिहावं, गुगलून नको. आणि दुसरं, काही झालं नाही ते तयारीमुळे, की होणारच नव्हतं?

सेव_परमल

पहिला नंबर! वाटी भरून बसलो आहे, चालू द्या.

जुना_लेजर

निखिल, चौथीत होतास म्हणजे माझ्या मुलाएवढा, म्हणून अरेतुरे करतो. मी तेव्हा एका राष्ट्रीयीकृत बँकेत, इंदूरच्याच एका शाखेत अधिकारी होतो.

पहिलं म्हणजे, ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता काहीतरी होणार ही पेपरवाल्यांची कल्पना. बँकेत हे भूत त्याच्या कितीतरी आधीच दाराशी आलं होतं. कुणी १९९५ मध्ये पाच वर्षांची एफडी केली की मुदत संपणार २००० मध्ये. तुमचा प्रोग्राम त्या दिवशीच गडबडणार, तो कशाला मिलेनियमची वाट बघतोय! आमच्याकडे रंगराजन समितीच्या अहवालानंतर आलेली लेजर पोस्टिंगची मशीनं होती, एएलपीएम म्हणायचे. सगळी अक्कल तिच्या तिच्यात, बाहेर कुठे जोडलेलं काही नाही. मुदत तारखेत ०० टाकलं की मशीन म्हणायचं मुदत संपून गेली. मग आम्ही काय करायचो? त्या एफड्यांचं वेगळं रजिस्टर. हाताने. लाल शाईने.

९८-९९ मध्ये रिझर्व्ह बँकेची परिपत्रकामागून परिपत्रकं यायला लागली. हेड ऑफिसकडून नवीन व्हर्जनची फ्लॉपी यायची, ती घालायची, मग खोट्या तारखा टाकून व्याज काढून बघायचं आणि कागदावर कॅल्क्युलेटरने ताळा घ्यायचा. ३१ डिसेंबर, १ जानेवारी, २८ फेब्रुवारी, २९ फेब्रुवारी, १ मार्च, या तारखा ठरलेल्या होत्या. २९ फेब्रुवारी का, तर १९०० हे लीप वर्ष नव्हतं आणि २००० होतं. चारशेने भाग जातो म्हणून. हे अर्ध्या प्रोग्रामरांना माहीत नसायचं, मग आमच्यासारख्या बी.कॉम.वाल्यांची काय कथा.

आणि ३१ तारखेचं म्हणाल तर त्या दिवशी प्रत्येक खात्याची शिल्लक छापून काढायची होती. डॉट मॅट्रिक्स, कंटिन्युअस स्टेशनरी, कडेला भोकांची पट्टी. कार्बन लावून दोन प्रती. प्रिंटरचं डोकं इतकं तापलं की मध्येमध्ये थांबवून वर टेबल फॅन धरावा लागे. कागदाची भोकं एका बाजूने सुटली की पुढची सगळी पानं तिरकी छापायची, की परत तिथून सुरू. म्हणजे मशीन गेलंच, तर सोमवारी सकाळी कागदावर काउंटर चालू. तयारी म्हणाल तर ही अशी होती. त्यात क्षेपणास्त्र वगैरे काही नव्हतं.

सेव_परमल

लाल शाईचं रजिस्टर! दंडवत घ्या काका.

तर्कटराव

जुना_लेजर यांचा अनुभव मान्य, पण त्यातून निखिलचंच म्हणणं सिद्ध होतं. लाल शाईचं रजिस्टर पुरत होतं ना? मग अब्जावधी कशाला? गार्टनर या सल्लागार कंपनीचा अंदाज होता की जगभरात ३०० ते ६०० अब्ज डॉलर लागतील. इटलीने उशिरा सुरुवात केली, खर्चही कमी केला. दक्षिण कोरियाचंही तसंच. तिकडे काय आभाळ कोसळलं? अमेरिकेत आणि इटलीत १ जानेवारीची सकाळ सारखीच उजाडली. ज्याने औषध घेतलं तो बरा, ज्याने नाही घेतलं तोही बरा, मग आजार होता का, एवढंच विचारतो.

सुमेधा_विजयनगर

तर्कटराव, हा इटलीचा मुद्दा प्रत्येक वाय-टू-के चर्चेत येतो आणि दर वेळी अर्धाच येतो.

इटलीतल्या कचेऱ्यांत चालणाऱ्या सिस्टिम कुणाच्या होत्या? आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, ओरॅकल. त्यांनी अमेरिकी गिऱ्हाइकांच्या दबावाखाली दुरुस्त केलेल्या आवृत्त्या इटलीलाही मिळाल्याच. वर्गणी एकाने दिली, प्रसाद गल्लीभर वाटला गेला. दुसरं, छोट्या ठिकाणी 'बिघडलं की बघू' हे धोरण चालतं. पण कोट्यवधी लोकांची पेन्शन एका मशीनवर असेल तर चालत नाही. म्हणून तर अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीने १९८९ मध्येच काम हातात घेतलं होतं. तेव्हा पेपरात एक ओळही नव्हती, कन्सल्टंटही नव्हते.

मी ९७ ते ९९ कोबोल या जुन्या संगणकी भाषेत हेच केलं, आधी पुण्यात बसून, मग न्यू जर्सीत. काम काय होतं सांगते. लाखो ओळींचा कोड, त्यात तारीख कुठे कुठे आहे ते शोधायचं. फील्डचं नाव 'डेट' असेल तर नशीब. एका ठिकाणी कुणीतरी तारखेला आपल्या बायकोचं नाव दिलं होतं (म्हणजे आम्ही तसं धरून चाललो). सापडल्यावर दोन मार्ग. एक, वर्ष चार आकडी करायचं. हा खरा इलाज, पण मग फाइलची लांबी बदलते, ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्राम बदलावा लागतो. दुसरा, खिडकी लावायची: ५० च्या वरचं आलं तर १९ लाव, खालचं आलं तर २० लाव. बहुतेक जणांनी दुसराच केला, कारण वेळ नव्हता. म्हणजे रोग बरा नाही केला, पुढची तारीख घेतली.

मुळात दोन आकडे का, तर पंच कार्डावर ८० रकाने असायचे, आणि मेमरी सोन्याच्या भावाची. त्या वेळच्या लोकांना मूर्ख ठरवू नका. त्यांना वाटलं होतं आपला प्रोग्राम तीस वर्षं कोण वापरणार!

आडा_बाजारवाला

भिया, एक सांगू का. १ जानेवारीला लाइट गेली असती तरी आपल्याला काय कळलं असतं? आपल्याकडे लाइट रोजच जायची. जगातली सगळ्यात मजबूत तयारी इंदूरची होती, घरोघरी कंदील.

मालविका

आडा_बाजारवाला +१. इन्व्हर्टरवाल्यांचा सुवर्णकाळ.

चार्टर्ड_अण्णा

हा धागा कसा राहिला वाचायचा! सरकारने काय केलं विचारताय ना, मग एक गंमत सांगतो जी सहसा कुणाला माहीत नसते. आपल्या आयकर कायद्यात वाय-टू-केसाठी खास कलम आलं होतं. कलम ३६(१)(xi). १ एप्रिल १९९९ पासून १ एप्रिल २००० च्या आत धंद्यातला, स्वतःच्या मालकीचा संगणक वाय-टू-केसाठी दुरुस्त करायला जो खर्च केला, तो थेट वजा. त्यासाठी सीएचा अहवाल जोडायचा. आणि 'वाय-टू-के कम्प्लायंट संगणक' म्हणजे काय याची व्याख्याही तिथेच दिलेली.

आता इंदूरचा व्यापारी म्हणजे काय चीज आहे सांगायला नको. कलम आलंय कळल्यावर सियागंजातले एक शेठ माझ्याकडे नवीन एसीचं बिल घेऊन आले. म्हणे संगणकाच्या खोलीतला आहे. मी म्हटलं, शेठ, एसीला तारीख कळत नाही. ते म्हणाले, "रिमोटवर टायमर आहे की!"

सेव_परमल

शेठला तिथल्या तिथे कन्सल्टंट नेमायला हवं होतं.

तर्कटराव

अण्णा, ही माहिती नवीन आणि झकास. पण सरकारने करसवलत दिली म्हणजे धोका खरा होता असं होत नाही. करसवलत कशाकशाला मिळते ते तुम्हीच आम्हाला शिकवलंय.

शके_१९२१

माझा दुसराच आक्षेप. मुळात २००० ला मिलेनियम सुरू झालंच नव्हतं. शून्य नावाचं वर्ष नाही, त्यामुळे सहस्रक १ जानेवारी २००१ ला सुरू झालं. सगळ्या जगाने वर्षभर आधी फटाके फोडले. आणि आपल्या पंचांगात त्या दिवशी शके १९२१ चालू होतं, विक्रम संवत चालू होता, कशातही दोन शून्यं नव्हती. शेजारी उज्जैनला जयसिंगाची वेधशाळा शिल्लक आहे, तिथल्या शंकुयंत्राला कुणी पॅच मारला नाही.

मालविका

आला का २००१ वाला! मला वाटलंच होतं अजून कसा नाही आला.

शके_१९२१

गणित आहे ताई, मत नाही.

संपादक_मंडळ

सहस्रक कधी सुरू होतं यावर २००० सालापासून आजवर जगात कुणाचंही मत बदललेलं नाही. वेगळा धागा काढावा. इथे मूळ विषयावर या.

पिथमपूर_शिफ्ट_बी

कारखान्याच्या बाजूने थोडं. मी पिथमपूरला मेंटेनन्समध्ये होतो. तेव्हा फार भीती घातली जायची ती 'आतल्या चिप'ची. म्हणजे लिफ्ट, बॉयलर, पंप यांच्यात दडलेल्या चिपा बारा वाजता बंद पडणार. हे मात्र खरोखर फुगवलेलं होतं. कन्व्हेयरच्या पीएलसीला (म्हणजे यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरला) तारखेशी देणंघेणं नसतं. तो सेकंद मोजतो, इतके झाले की व्हॉल्व्ह उघड, इतके झाले की बंद. त्याला १९९९ ही माहीत नाही आणि २००० ही नाही. तारीख लागते ती वरच्या संगणकाला, जो नोंदी ठेवतो, अलार्म छापतो. आमच्याकडे तेवढा एकच बदलला.

पण तर्कटराव, हे कळायला प्रत्येक पॅनल उघडून बघावं लागलं. न उघडता कोण सांगणार होतं?

बडे_बाबू_निवृत्त

निखिलजी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी योग्य माणूस आहे असं वाटतं. एका राज्य सरकारी खात्यात, इंदुरात, मी तेव्हा क्लार्क होतो, पुढे बडे बाबू झालो. खात्याचं नाव लिहीत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते.

१९९८ च्या शेवटाकडे भोपाळहून प्रपत्र आलं. प्रत्येक कार्यालयाने आपल्याकडची तारखेशी संबंध असलेली सगळी उपकरणं लिहून पाठवायची. रकाने असे: उपकरणाचं नाव, कंपनी, खरेदीचं वर्ष, तारीख वापरते का, तपासलं का, बिघडलं तर काय करणार. आमच्या साहेबांनी ते माझ्याकडे सरकवलं, कारण मी टायपिंगची परीक्षा दिलेली होती, म्हणजे मला संगणक येणारच! मी प्रामाणिकपणे लिहीत गेलो. संगणक दोन. प्रिंटर एक. एका सहकाऱ्याने आग्रह धरला म्हणून भिंतीवरचं घड्याळही लिहिलं. "बिघडलं तर काय करणार" या रकान्यात "चावी देणार" असं लिहिलं. ते प्रपत्र वर तसंच गेलं, आणि कुणी काही विचारलं नाही.

यावर हसा खुशाल. पण त्या शेवटच्या रकान्याने आम्हाला पहिल्यांदा विचार करायला लावलं. कार्यालयातल्या कुणालाही माहीत नव्हतं की पगारपत्रकाचा प्रोग्राम कुणी लिहिला. लिहिणारा मुलगा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. फॉक्सप्रो नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये होता. सुदैवाने फॉक्सप्रोची गंमत अशी की तारखेचं फील्ड तारखेचंच ठेवलं असेल तर फाइलमध्ये वर्ष चार आकडीच साठतं. घोटाळा टंकताना होतो: तुम्ही ०१/०१/०० लिहिलं की तो १९०० धरतो. वरती एक ओळ टाकायची, 'सेट सेंच्युरी ऑन', की वर्ष पूर्ण मागतो. पण त्या मुलाने जन्मतारखा अक्षरांच्या फील्डमध्ये ठेवल्या होत्या. दोन आकडी. आणि निवृत्तीचा दिनांक काढायला त्यात वर्षं मिळवायचा. १९४१ चा माणूस १९९९ मध्ये निवृत्त, ठीक. १९४३ चा? ४३ अधिक ५८ बरोबर १०१, रकाना दोनच आकड्यांचा, राहिला ०१. म्हणजे १९०१. म्हणजे हा माणूस जन्माआधीच निवृत्त. जानेवारीच्या पगारपत्रकातून ही सगळी नावं गळणार होती. त्यात आमच्या साहेबांचं नाव आहे हे मी त्यांना दाखवलं, आणि त्या दिवसापासून काम झपाट्याने होऊ लागलं.

दुसरी चाचणी मशीनची. जुना ३८६ चिपचा संगणक होता. डॉसमध्ये (तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम) तारीख ३१-१२-९९ घालायची, वेळ २३:५८, मशीन बंद. पाच मिनिटं थांबून चालू. खोलीत सगळे जमलेले, चपराशीसुद्धा. पडद्यावर आलं ०१-०४-१९८०. साहेब म्हणाले, हा तर एक एप्रिल! अमेरिकन पद्धतीत महिना आधी, त्यामुळे ती ४ जानेवारी होती. आतलं घड्याळ वर्षाचे दोनच आकडे पुढे ढकलतं, शतकाचा आकडा तसाच राहतो. मग डॉसला १९०० दिसतं, आणि त्याचा जन्मच १९८० चा, तो त्याच्या मागे जात नाही. उपाय अगदी सोपा निघाला. जानेवारीत एकदा हाताने बरोबर तारीख घातली की पुढे बहुतेक मशीनं ती धरून ठेवायची.

सरकारने काय केलं, तर हे केलं. यादी करायला लावली. मशीनं थोडी होती म्हणून आपण थोडक्यात सुटलो, हेही खरं. पण यादी केली नसती तर माझे साहेब १९०१ मध्येच निवृत्त झाले असते.

सेव_परमल

"चावी देणार" 🙏 माँटेकसिंगांपर्यंत पोचलं असेल का हे?

मालविका

बडे बाबूजी, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. वाचनखूण साठवली.

सुमेधा_विजयनगर

बडे बाबूजी, ४३ अधिक ५८ हे उदाहरण मी आजच ऑफिसात नवीन मुलांना सांगितलं. आमच्या न्यू जर्सीच्या मॅनेजरला इतकं सोपं समजावता आलं नव्हतं.

अमेरिकेतही वेगळं काही नव्हतं हो. तिकडच्या केंद्र सरकारने खात्यांना ३१ मार्च १९९९ ची मुदत घातली होती, आणि स्टीफन हॉर्न नावाचे एक खासदार प्रत्येक खात्याला शाळेसारखं प्रगतीपुस्तक द्यायचे, ए पासून एफ पर्यंत. जाहीर. पेपरात छापून यायचं. शिवाय ऑक्टोबर १९९८ मध्ये कायदाच केला, की कंपन्यांनी आपली वाय-टू-केची माहिती एकमेकींना मोकळेपणाने द्यावी, त्यावरून सहजासहजी कोर्टात खेचता येणार नाही. फेडरल रिझर्व्हने, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती बँकेने, लोक घाबरून पैसे काढतील म्हणून जादा ५० अब्ज डॉलरच्या नोटा छापून ठेवल्या. लोकांनी त्यातल्या फारशा नेल्या नाहीत, ते सोडा.

एमसीए_२०००

अवांतर: कुणाला तो कोबोल क्लासचा काळ आठवतो का? गीता भवनापासून पलासियापर्यंत पाट्याच पाट्या. कोबोल, जेसीएल, सीआयसीएस, डीबी-टू, 'तीन महिन्यांत अमेरिका'. अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा कोटा ६५,००० वरून १,१५,००० केला तो याच काळात. लग्नाच्या बाजारात 'मुलगा वाय-टू-केमध्ये आहे' हे पुरेसं होतं, काय करतो कुणी विचारायचं नाही.

आमची बॅच पास झाली तेव्हा वाय-टू-के संपलेला. वर्षभरात डॉट-कॉमही बुडालं. क्लासवाल्याने फी परत दिली नाही.

आडा_बाजारवाला

माझ्या मावसबहिणीला असंच स्थळ आलेलं. "मुलगा मेनफ्रेमवर आहे." आजी म्हणाली, फ्रेमवर आहे म्हणजे वारला का?

सेव_परमल

😂😂 आजचा धागा वसूल.

नऊलाखा_दादा

३१ डिसेंबरच्या रात्रीचं कुणीच लिहिलं नाही! खरं तर त्या रात्री इंदुरात कुणी वाय-टू-केचा विचारच करत नव्हतं. टीव्हीवर कंदहार होतं. आठवडाभर ओलीस ठेवलेले आयसी-८१४ चे प्रवासी त्याच दिवशी सुटून दिल्लीला आले. आमच्याकडे सगळे त्याच्यापुढे बसलेले.

तिकडे मॉस्कोत त्याच दिवशी येल्त्सिननी राजीनामा दिला, पुतिन हंगामी अध्यक्ष झाले. आणि गंमत बघा, नेमक्या त्याच रात्री अमेरिकेत कोलोरॅडोच्या पीटरसन हवाई तळावर रशियन आणि अमेरिकन लष्करी अधिकारी एका खोलीत शेजारीशेजारी बसलेले. का, तर संगणकाच्या घोळाने कुणाला खोटंच क्षेपणास्त्र दिसलं तर लगेच एकमेकांना विचारता यावं. चीनमध्ये तर विमान कंपन्यांच्या बड्या अधिकाऱ्यांना १ जानेवारीला स्वतः विमानात बसायचा हुकूम निघाल्याच्या बातम्या होत्या. ही तयारी मला सगळ्यात आवडली. अमेरिकेच्या विमान खात्याच्या प्रमुख जेन गार्वी तर आपणहून त्या रात्री विमानात बसल्या होत्या.

मालविका

चीनचा नियम आपल्याकडे रस्त्यांच्या ठेकेदारांना लावावा. रोज स्कूटरवरून.

तर्कटराव

नऊलाखा दादा, रंजक. पण मी माझा प्रश्न सोडत नाही. त्या रात्री जगात नेमकं काय बिघडलं? यादी द्या कुणीतरी. यादी रिकामी असेल तर मी जिंकलो.

सुमेधा_विजयनगर

रिकामी नाही. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या वेबसाइटवर तारीख आली १ जानेवारी १९१००. देशाची अधिकृत वेळ ठेवणारी संस्था बरं का! वर्ष १९०० पासून मोजलं जात होतं, ९९ नंतर १०० झालं, आणि आधी '१९' छापून ठेवलेलंच होतं. अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांची माहिती काही दिवस नीट मिळत नव्हती, जमिनीवरच्या संगणकामुळे. जपानात अणुवीज केंद्रातली किरणोत्सर्ग मोजणारी काही यंत्रणा अडखळली. न्यूयॉर्क राज्यात व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला शंभर वर्षं उशीर झाल्याचा दंड लागला, ९१,२५० डॉलर.

आणि हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण शेफील्डचं नाही येत. तिथल्या प्रयोगशाळेत गरोदर बायकांची डाउन सिंड्रोमची चाचणी व्हायची, त्यात आईचं वय धरतात, कारण वयाप्रमाणे धोका वाढतो. २००० उजाडल्यावर प्रोग्रामने वय चुकीचं काढलं. दीडशेहून जास्त बायकांना धोका कमी असल्याचं कळवलं गेलं, तो तसा नव्हता. आणि हे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. अहवाल २००१ मध्ये आला.

बारा वाजता स्फोट झाला नाही म्हणून काही झालं नाही असं समजू नका. मशीन बंद पडलं तर कळतं तरी. चालू राहून खोटं सांगतं तेव्हा काय करणार?

जुना_लेजर

सुमेधाताई, शेवटचं वाक्य आमच्या ऑडिटरांनी भिंतीवर लावावं.

तर्कटराव

शेफील्डचं मला माहीत नव्हतं. वाचलं आत्ता. भयंकर आहे. पण बघा, तिथे तर प्रचंड तयारी झालेली होती, ब्लेअरचे बग बस्टर आणि सगळं. तरीही निसटलं. म्हणजे पैसा ओतला तिथेही हमी नव्हतीच.

पिथमपूर_शिफ्ट_बी

उज्जैनला सिंहस्थात एवढा बंदोबस्त लावूनही पाकीटमारी होते. म्हणून पुढच्या वेळी पोलीस नकोत का?

धारकर

उशिरा आलो, पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून. जग संगणक बंद पडेल म्हणून घाबरलेलं असताना आपल्या शेजारी धार जिल्ह्यात उलटंच चाललं होतं. जानेवारी २००० मध्येच 'ज्ञानदूत' सुरू झालं. गावागावांत सूचनालय, तिथे एक संगणक, शेतकऱ्याला मंडीचे भाव, खसरा-खतौनीची (जमिनीच्या उताऱ्याची) नक्कल, तक्रार अर्ज. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. आमच्या काकांनी पहिल्यांदा माउस धरला तो तिथे. सोयाबीनचा भाव इंदूर मंडीत काय आहे ते घरी बसून कळतंय यावर त्यांचा दोन दिवस विश्वास बसला नाही. तिसऱ्या दिवशी लाइट नव्हती.

आडा_बाजारवाला

शेवटी लाइटच!

राजवाड्यावरचा_निखिल

सगळ्यांचे आभार, विशेषतः बडे बाबूजी आणि जुना_लेजर काका. हेच हवं होतं.

माझं अर्धं म्हणणं मी अजून ठेवतो: आतल्या चिपांची भीती, क्षेपणास्त्रं, पाणी साठवा, हे पेपर आणि विक्रेत्यांचं पीक होतं, पिथमपूर दादांनीही तेच लिहिलंय. आणि आपल्याकडे तयारी कमी आणि मशीनंच कमी, हेही आलं. पण पगारपत्रकातली नावं गळणं, एफडीचं व्याज चुकणं हे मी कधी धरलंच नव्हतं.

आता पुढचं. सुमेधाताईंनी 'पुढची तारीख घेतली' लिहिलंय ती तारीख कोणती? २०३८ म्हणतात ते हेच का?

सुमेधा_विजयनगर

दोन वेगळ्या गोष्टी. खिडकीची तारीख ज्याने त्याने आपापली ठेवली. जुन्या एक्सेलमध्ये २९ लिहिलं की २०२९ आणि ३० लिहिलं की १९३० धरायचं, आणि अजून कितीतरी कचेऱ्यांत जुनं एक्सेलच चालतं. २०३० काही लांब नाही.

२०३८ चं कारण निराळं. युनिक्सवाल्या मशीनी १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ३२ बिटांच्या खणात जास्तीत जास्त २,१४७,४८३,६४७ मावतात. ते भरतात १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि मशीन १९०१ मध्ये जातं. मोबाइल, लॅपटॉप बहुतेक ६४ बिटांचे झालेत, ती चिंता नाही. चिंता आहे ती भिंतीत गाडलेल्या छोट्या डब्यांची: मीटर, लिफ्टचे पॅनल, सीसीटीव्ही, हजेरीची मशीनं. पिथमपूर दादा, या वेळी आतल्या चिपांना तारीख माहीत आहे!

बडे_बाबू_निवृत्त

१९०१. परत माझ्या साहेबांचंच वर्ष.

ताई, मग घरच्या सीसीटीव्हीची तीच जुनी चाचणी होईल का? तारीख पुढे घालून बंद-चालू?

सुमेधा_विजयनगर

होईल बाबूजी. पण आधी रेकॉर्डिंग दुसरीकडे काढून ठेवा. तारीख पुढे गेली की काही मशीनी जुनं सगळं मुदत संपली म्हणून पुसून टाकतात.

पिथमपूर_शिफ्ट_बी

आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीवर आत्ता करून बघितलं. वर्ष २०३७ च्या पुढे जातच नाही. बाण दाबला की परत २०००.

चार्टर्ड_अण्णा

कंपनीचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या ऑफिसातही तसलाच दिसतोय.